स्पॅनिशमधलं 'मे लेबान्तारीआ': 'से'वाली क्रियापदं संकेतार्थात कशी वापरायची?

पांढरी जास्वंद (धरमपेठ)

नमस्कार मंडळी. मी दीड वर्षापासून स्पॅनिश शिकते आहे. शिकवणी ऑनलाइन आहे आणि ओळखीत स्पॅनिश बोलणारं कुणी नाही. त्यामुळे अडलं की विचारायचं कुणाला हा प्रश्नच असतो. इन्स्तितुतो सेर्बान्तेसच्या देले परीक्षेची बी १ पातळी द्यायची आहे. वर्तमानकाळ झाला, दोन्ही भूतकाळ झाले. आता 'कोन्दिसिओनाल' चालू आहे, म्हणजे आपण शाळेत ज्याला संकेतार्थ म्हणायचो तसं काहीसं. साधी क्रियापदं जमतात. 'कोमेरीआ' म्हणजे खाल्लं असतं, 'आब्लारीआ' म्हणजे बोलले असते. पण 'से' लागणारी क्रियापदं आली की माझा गोंधळ उडतो.

तीन ठिकाणी अडते.

एक, 'लेबान्तारसे' म्हणजे उठणे. मूळ रूपात 'से' शेवटी आहे म्हणून मी 'लेबान्तारीआमे' लिहिलं. चूक निघाली.

दोन, पुस्तकात लिहिलंय की हे 'मे, ते, से' म्हणजे 'स्वतःला'. मग 'मी स्वतःला उठवलं असतं' असा अर्थ घ्यायचा का? आपण असं कधीच बोलत नाही. त्यामुळे बोलताना 'मे' हमखास गळतो.

तीन, मला म्हणायचं होतं, 'वेळ असता तर मी फुटाळ्यावर (आमच्या नागपूरचा तलाव) अजून थोडा वेळ बसले असते.' मी लिहिलं: 'सी तेन्द्रीआ तिएम्पो, मे सेन्तारीआ उन रातो मास एन फुटाळा'. तोंडी सरावात दोन चुका आहेत म्हणून परत आलं. कुठल्या चुका, का चुका, हे सांगायला तिथे वेळच नव्हता. फार वाईट वाटलं, कारण त्या वाक्यावर मी अर्धा तास घालवला होता.

उच्चार कानावर येतात तसे लिहिते. लिहिताना 'व्ही' असला तरी स्पॅनिश लोक 'ब'सारखाच म्हणतात, म्हणून 'लेबान्तार'.


झिरो माईल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रूप चालवलेलं असेल तर सर्वनाम क्रियापदाच्या आधी आणि सुटं येतं. 'आर', 'एर', 'इर' तिन्ही गटांचे प्रत्यय एकच आहेत आणि ते पूर्ण मूळ रूपाला लागतात, 'र' काढायचा नसतो.

यो मे लेबान्तारीआ
तू ते लेबान्तारीआस
एल, एया, उस्तेद से लेबान्तारीआ
नोसोत्रोस नोस लेबान्तारीआमोस
बोसोत्रोस ओस लेबान्तारीआइस
एयोस, उस्तेदेस से लेबान्तारीआन

'बोसोत्रोस' स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस' आणि त्याच्यासोबत 'से'. जोर सगळीकडे 'री' वर, म्हणून तो दीर्घ लिहिलाय.

एक फायदाही आहे बरं का. 'कोमेरीआ' नुसतं ऐकलं तर मी की ती, कळत नाही, दोन्हीकडे रूप एकच. 'मे लेबान्तारीआ' आणि 'से लेबान्तारीआ' मध्ये मात्र सर्वनामानेच उलगडा होतो. म्हणजे जे तुमच्याकडून गळतंय तेच कर्ता सांगतंय. ते गळलं तर 'लेबान्तारीआ' म्हणजे 'उचललं असतं' असं होतं, आणि ऐकणारा 'काय उचललं असतं?' म्हणून थांबून राहतो.


इतवारीकर

दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण त्या 'स्वतःला'ने माझीही दोन वर्षं खाल्ली. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलगी बालेन्सियाला असते, नात तिथेच वाढते आहे. नातीशी नीट बोलता यावं म्हणून निवृत्तीनंतर स्पॅनिश हाती घेतलं.

'स्वतःला' विसरा. आपल्या शाळेतलं प्रयोजक क्रियापद आठवा. उठणे, उठवणे. बसणे, बसवणे. झोपणे, झोपवणे. घाबरणे, घाबरवणे. मराठीत आपल्यापुरती क्रिया असते ती उघडी आणि दुसऱ्याकडून करवली की 'व' लागतो. स्पॅनिशमध्ये नेमकं उलटं. तिथे दुसऱ्यावर केलेली क्रिया उघडी असते आणि आपल्यापुरती झाली की 'से' लागतो.

'लेबान्तार' म्हणजे उठवणे, 'लेबान्तारसे' म्हणजे उठणे. 'सेन्तार' बसवणे, 'सेन्तारसे' बसणे. 'आकोस्तार' झोपवणे, 'आकोस्तारसे' झोपायला जाणे. 'आसुस्तार' घाबरवणे, 'आसुस्तारसे' घाबरणे. 'देस्पेर्तार' जागं करणे, 'देस्पेर्तारसे' जागं होणे.

आपल्याकडे 'व' न लागणाऱ्याही जोड्या आहेत: जळणे आणि जाळणे, तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे. त्यासुद्धा तशाच बसतात. 'केमार' जाळणे, 'केमारसे' जळणे किंवा भाजणे. 'रोम्पेर' फोडणे, 'रोम्पेरसे' फुटणे.

म्हणजे स्पॅनिश माणूस 'मी स्वतःला उठवलं असतं' असं म्हणतच नाही. तो साधं 'उठलो असतो' म्हणतो, पण त्याच्या भाषेत उघडं क्रियापद 'उठवणे' हे असल्यामुळे त्याला 'मे' लावावा लागतो. इंग्रजीतून शिकलं की हे दिसत नाही, कारण तिथे दोन्हीकडे पुष्कळदा एकच शब्द असतो. मराठी माणसाला ही जोडी जन्मापासून कानात आहे. नवं क्रियापद आलं की स्वतःला एवढंच विचारायचं: मराठीत ही उठणे आहे की उठवणे? उठणे असेल तर 'से' लावा.

मी ते वाक्य असं घोकलं होतं: 'मी नातीला उठवलं असतं' म्हणजे 'लेबान्तारीआ आ मि न्येता', आणि 'मी उठलो असतो' म्हणजे 'मे लेबान्तारीआ'.


पांढरी जास्वंद

काका (काका म्हटलेलं चालेल ना? आणि मला अगंतुगं करा), हे वाचून मी वही काढून जोड्या लिहायला बसले. 'बान्यार' आंघोळ घालणे, 'बान्यारसे' आंघोळ करणे. अगदी बरोबर बसलं! आपणही बाळाला आंघोळ घालतो आणि स्वतः आंघोळ करतो.

पण 'दोर्मीर' अडलं. झोपणे तर आपल्यापुरतंच आहे, मग तिथे 'से' का नाही?


इतवारीकर

चालेल, काकाच म्हण.

दोर्मीर अपवाद आहे आणि तो पाठच करावा लागतो. 'दोर्मीर' नुसतं झोपणे. 'दोर्मीरसे' म्हणजे डोळा लागणे. 'आकोस्तारसे' म्हणजे अंथरुणावर पडणे. 'मे आकोस्तारीआ आ लास दिएस, पेरो नो मे दोर्मिरीआ आस्ता लास दोसे': दहाला पडलो असतो, पण बारापर्यंत डोळा लागला नसता. आपल्याकडे हे वेगळेपण आहेच, फक्त ते 'से'ने न दाखवता वेगळ्या शब्दांनी दाखवतो.

तसंच 'इर' जाणे आणि 'इरसे' निघून जाणे. 'मे इरीआ' म्हणजे इथून निघालो असतो.

काहींना जोडीच नसते, ती कायम 'से'सकटच येतात. 'केहारसे' तक्रार करणे, 'आत्रेबेरसे' धजणे, 'आरेपेन्तिरसे' पस्तावणे. 'नो मे आत्रेबेरीआ' म्हणजे मी धजलो नसतो. तिथे प्रयोजकाचा आधार शोधू नकोस, मिळणार नाही.


ऑरेंज लाईन

मी मिहानला (नागपूरचा औद्योगिक भाग) नोकरी करतो, आमचं काम मेक्सिकोतल्या लोकांशी असते. जास्वंद ताई, आता अनियमित रूपांचं बोलतो, तिथंच मी लई दिवस चुकत होतो.

बरी गोष्ट अशी की वर्तमानकाळात जी क्रियापदं पोटातून बदलतात ती इथं बदलत नाहीत. 'मे आकुएस्तो' पण 'मे आकोस्तारीआ'. 'मे देस्पिएर्तो' पण 'मे देस्पेर्तारीआ'. 'मे बिस्तो' पण 'मे बेस्तिरीआ'. मूळ रूप जसं आहे तसं उचला, प्रत्यय लावा, झालं.

खरी बदलणारी मोजून बाराच आहेत. तेनेर तेन्द्र, पोनेर पोन्द्र, बेनिर बेन्द्र, सालिर साल्द्र, बालेर बाल्द्र. मग पोदेर पोद्र, साबेर साब्र, आबेर आब्र, काबेर काब्र, केरेर केर्र. आणि दोन लहान झालेली: देसिर दिर, आसेर आर. हीच बारा भविष्यकाळातही याच रूपात येतात, म्हणजे एका मेहनतीत दोन काळ.

'से'सोबत यातलं सगळ्यात जास्त कामाचं 'पोनेरसे'. कपडे घालणे तेही तेच आणि मनाची अवस्था बदलणे तेही तेच. 'मे पोन्द्रीआ ला चाकेता' म्हणजे जॅकेट घातलं असतं. 'मे पोन्द्रीआ नेर्बिओसो' म्हणजे घाबरगुंडी उडाली असती (मुलगी बोलून राहिली असेल तर 'नेर्बिओसा'). आणि 'देतेनेरसे' थांबणे, त्याचं 'मे देतेन्द्रीआ'. पोटात 'तेनेर' असल्यावर ते 'तेनेर'सारखंच चालणार.

आणखी एक, खास आपल्या नागपूरकरांसाठी. आपण 'येऊन राहिलो', 'जेवून राहिलो' म्हणतो. हे 'राहणे' पाहून मी एकदा 'केदारसे' वापरलं. केदारसे म्हणजे मागे राहणे, थांबणे. आपलं 'करून राहिलो' म्हणजे फक्त क्रिया चालू आहे, त्याला 'एस्तार' लागते. 'जेवून राहिलो असतो' म्हणजे 'एस्तारीआ कोमिएन्दो'. 'मुक्कामाला राहिलो असतो' म्हणजे 'मे केदारीआ'. हा फरक माझ्या डोक्यात पक्का व्हायला वेळ लागला.


झिरो माईल

ऑरेंज लाईन, 'बेस्तिरसे' काढलंच आहेस तर एक सापळाही सांगतो. 'एर' आणि 'इर' गटात चालू भूतकाळाचा शेवटही 'ईआ' असतो. 'मे बेस्तीआ' म्हणजे कपडे घालायचो. 'मे बेस्तिरीआ' म्हणजे कपडे घातले असते. फरक फक्त मधल्या 'र'चा. ऐकण्याच्या परीक्षेत यावर बरेच जण फसतात. 'र' ऐकू आला की संकेतार्थ.

आणि 'मे सिएन्तो'. वर्तमानकाळात ते 'मी बसते' पण आहे आणि 'मला वाटतं' पण. संकेतार्थात दोघांच्या वाटा वेगळ्या होतात: 'मे सेन्तारीआ' बसले असते, 'मे सेन्तिरीआ' मला वाटलं असतं. एका स्वराचा फरक, पण ऐकणारा लगेच ओळखतो.


इतवारीकर

आता फुटाळ्याचं वाक्य. त्यातली 'सी तेन्द्रीआ' ही पहिली चूक मला महत्त्वाची वाटते, कारण ती आळसातून झालेली नाही, मराठीतून झाली आहे.

शाळेतलं वाक्य आठव: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. दोन्हीकडे 'असतं'. आपल्या कानाला वाटतं की जर दोन्ही बाजू सारख्या तर स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे 'रीआ' हवं. म्हणून तू 'सी तेन्द्रीआ' लिहिलंस. पण स्पॅनिशमध्ये 'सी'च्या बाजूला वेगळं रूप येतं, ज्याला ते अपूर्ण सुब्हुन्तिबो म्हणतात: 'सी तुबिएरा तिएम्पो'. 'सी'च्या मागे 'रीआ' येत नाही एवढं पक्कं कर. उत्तर स्पेनमध्ये, बास्क भागात आणि त्याच्या आसपास, लोक बोलताना 'सी तेन्द्रीआ' म्हणतातही. पण प्रमाण भाषेत ती चूकच धरतात आणि परीक्षेतही.

ते रूप बनवायला सोपं आहे. साध्या भूतकाळातलं 'ते लोक'चं रूप घ्यायचं, शेवटचं 'रोन' काढून 'रा' लावायचं. 'तुबिएरोन', 'तुबिएरा'. 'से लेबान्तारोन', 'से लेबान्तारा'. 'से फुएरोन', 'से फुएरा'. यालाही सर्वनाम आधीच: 'सी मे लेबान्तारा तेम्प्रानो'.

पण खरी अडचण याच्या पुढे आहे. तू म्हणालीस, 'वेळ असता तर बसले असते.' हे तू आजबद्दल म्हणत होतीस की काल संध्याकाळबद्दल? मराठीत एकच वाक्य दोन्हीला चालतं, बाकीचं संदर्भातून कळतं. स्पॅनिश तुला ठरवायला लावते.

आज, आत्ता: 'सी तुबिएरा तिएम्पो, मे केदारीआ'.
काल, संधी गेली: 'सी उबिएरा तेनिदो तिएम्पो, मे आब्रीआ केदादो'.

दुसऱ्यात 'मे' हे 'आब्रीआ'च्या आधी. 'आब्रीआ' आणि 'केदादो' यांच्या मधे काहीही घालायचं नाही. मी हे मधे घालत असे, नात दर वेळी हळूच दुरुस्त करायची.


पांढरी जास्वंद

कालचीच गोष्ट सांगत होते मी. म्हणजे माझं वाक्य मुळातच दुसऱ्या काळात हवं होतं. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पण तुम्ही 'मे केदारीआ' केलंत. माझं 'मे सेन्तारीआ' का नको? दुसरी चूक हीच का?


झिरो माईल

हो, हीच. 'सेन्तारसे' म्हणजे उभ्याचं बसणे, ती एका क्षणाची क्रिया. 'अजून थोडा वेळ' बसून राहणे हे त्याच्याने होत नाही. आपलं 'बसणे' दोन्हीला चालतं म्हणून कळत नाही. 'मे केदारीआ उन रातो मास' म्हणजे अजून थोडा वेळ थांबले असते, हे सगळ्यात सहज. बसण्यावरच जोर द्यायचा असेल तर 'एस्तारीआ सेन्तादा'.


वाळा

सगळं वाचलं. काकांबद्दल आदर आहेच, पण थोडं वेगळं मत मांडते. मी आधी फ्रेंच शिकले, मग स्पॅनिश. माझा अनुभव असा की प्रत्येक क्रियापद मराठीच्या जोडीतून पाहायची सवय लागली तर बोलताना फार वेळ जातो. समोरचा प्रश्न विचारून वाट पाहतो आणि आपण मनात उठणे की उठवणे हे ठरवत बसतो. मी जास्वंदला सांगेन, रोज सकाळी दहा वाक्यं मोठ्याने म्हण. 'मे लेबान्तारीआ, मे दुचारीआ, मे बेस्तिरीआ, मे इरीआ.' 'मे' जिभेवर बसला की विचार करावा लागत नाही. व्याकरण नंतर समजलं तरी चालतं.


इतवारीकर

वाळा, तुमचं म्हणणं खोटं नाही. जिभेची सवय लागतेच, आणि ती मोठ्याने म्हटल्याशिवाय लागत नाही. पण मी पन्नाशीनंतर शिकलो. अर्थ न कळता घोकलेलं माझ्या डोक्यात दोन दिवस टिकायचं. जोडी दिसली तेव्हापासून 'मे' गळणं थांबलं. लहान वयात नुसत्या सरावाने येत असेल. ज्याला अर्थाशिवाय पुढे जाता येत नाही त्याने जोडीतून जावं, मग मोठ्याने म्हणावं.


वाळा

हे मान्य. आधी समजून घ्यायचं, पण बोलण्याच्या वेळी ते बाजूला ठेवायचं.

सल्ला देण्याची वाक्यं यासाठी फार चांगली, कारण ती रोज लागतात. 'यो के तू' म्हणजे मी तुझ्या जागी असते तर. 'यो के तू, मे केदारीआ एन कासा': मी तुझ्या जागी असते तर घरीच थांबले असते. मे महिन्यात नागपूरात हे वाक्य दिवसातून चारदा म्हणायची संधी मिळते! किंवा 'यो के तू, मे तापारीआ ला कारा', म्हणजे तोंडाला दुपट्टा बांधला असता. इथे 'मि कारा' म्हणू नका. शरीराचे अवयव आले की स्पॅनिश माणूस 'माझा' म्हणत नाही, 'मे'नेच कळतं कुणाचा चेहरा. आपणही 'मी माझे हात धुतले असते' म्हणत नाही, 'हात धुतले असते' म्हणतो: 'मे लाबारीआ लास मानोस'.


ऑरेंज लाईन

ताई, मी एक विचारतो, कामात रोज अडते. तिकडचा माणूस म्हणाला होता, 'मी सहाला उठेन.' मी साहेबांना कळवलं: 'दिहो के से लेबान्तारा आ लास सेइस'. ते म्हणाले 'से लेबान्तारीआ' हवं. पण इथं जर-तर कुठंच नाही, मग संकेतार्थ काहून?


झिरो माईल

कारण स्पॅनिशमध्ये हे रूप फक्त जर-तरचं नाही. भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळ, हेही त्याचंच काम. आन्द्रेस बेयो या कराकासमध्ये जन्मलेल्या व्याकरणकाराने १८४७ साली चिलीत छापलेल्या व्याकरणात याला 'पोसप्रेतेरितो', म्हणजे भूताच्या नंतरचा, असं नाव दिलं. मेक्सिकोच्या शाळांत ते नाव अजून चालतं, त्यामुळे तुझ्या कामात ते कानावर पडलंही असेल.

मराठीत आपण म्हणणाऱ्याचं वाक्य तसंच ठेवतो: 'सहाला उठेन असं म्हणाला.' काळ हलवत नाही. स्पॅनिश हलवते. 'दिसे के' (म्हणतो की) असेल तर पुढे भविष्यकाळ, 'से लेबान्तारा', जोर शेवटच्या 'रा'वर. 'दिहो के' (म्हणाला की) आणि वेळ अजून यायची असली तर भविष्यकाळ चालूनही जातो. पण ती सहा वाजण्याची वेळ होऊन गेली असेल तर 'से लेबान्तारीआ'च.

तिसरं काम अंदाजाचं, आणि ते मला मनापासून आवडतं. 'सेरीआन लास त्रेस' म्हणजे तीन वाजले असतील, तेव्हा. 'आनोचे से आकोस्तारीआ तार्दे': काल रात्री उशिरा झोपला असेल. आपण आजच्या आणि कालच्या दोन्ही अंदाजांना 'असेल' वापरतो. ते आजच्या अंदाजाला भविष्यकाळ आणि कालच्या अंदाजाला हे 'रीआ' वापरतात. म्हणजे आपलं 'असतं', 'उठेन' आणि 'असेल', तिघांचा काही काही भाग या एका रूपात येतो. म्हणून 'रीआ' दिसला की लगेच 'असतं' असा अर्थ लावू नये.


पांढरी जास्वंद

हे सगळं मी वहीत उतरवते आहे. आणखी एक शंका. 'मे गुस्तारीआ' मधला 'मे' पण हाच का? मी आतापर्यंत त्यालाही 'से'वालं क्रियापद समजत होते.


इतवारीकर

नाही, आणि हा फरक मराठी माणसाला सगळ्यात लवकर कळायला हवा. 'मे गुस्तारीआ' म्हणजे 'मला आवडेल'. तो 'मे' म्हणजे आपला 'मला'. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता होतो, आपल्याकडे आणि स्पॅनिशमध्ये आवडणारी गोष्ट कर्ता असते. म्हणून मूळ रूपाला 'से' नाही, नुसतं 'गुस्तार'.

दोन्ही एका वाक्यात आले की फरक उघडा पडतो: 'मे गुस्तारीआ लेबान्तारमे तेम्प्रानो'. मला लवकर उठायला आवडेल. पहिला 'मे' म्हणजे 'मला', दुसरा 'उठणे'चा. त्याच्या जागी तिला आवडेल असं केलं तर 'ले गुस्तारीआ लेबान्तारसे'. बघ, पहिला 'ले' झाला आणि दुसरा 'से'. दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत म्हणूनच वेगवेगळ्या बदलल्या.


वाळा

आणि 'माझ्या हातून' वाली वाक्यं राहिली! 'से मे काएरीआ एल बासो': माझ्या हातून पेला पडला असता. 'से मे ओल्बिदारीआ': मी विसरले असते. इथे 'से' आधी, मग 'मे', आणि क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं. पेले अनेक असतील तर 'से मे काएरीआन लोस बासोस'. हे इंग्रजीतून शिकवताना किती समजावून सांगावं लागतं. मराठीत 'हातून' म्हटलं की पुरे, मुद्दाम केलेलं नाही हे त्यातच आलं.


झिरो माईल

जास्वंदच्या पहिल्या चुकीबद्दल एक राहिलं होतं. 'लेबान्तारीआमे' आज चूक आहे, पण सर्वनाम मागे लावण्याचा ओढा अगदीच निराधार नाही. हे रूप मुळात दोन शब्दांचं: मूळ क्रियापद आणि 'आबेर'चा भूतकाळ 'आबीआ', तोच झिजून 'ईआ' झाला. उठणार आणि होतो मिळून 'उठणार होतो' होतं, बरीचशी तशीच घडण. जुन्या स्पॅनिशमध्ये दोघांच्या मधे सर्वनाम बसायचं, 'लेबान्तारमे ईआ'. पोर्तुगीजच्या लिखाणात हे अजून टिकून आहे. स्पॅनिशमध्ये दोन्ही तुकडे कायमचे जुळले आणि सर्वनाम पुढे गेलं. अनियमित क्रियापदं तीच बारा, भविष्यकाळात आणि इथे, तेही यामुळेच. दोन्ही काळ 'आबेर' जोडूनच बनले.

मागे लावायचं ते फक्त क्रियापद न चालवलेलं असताना. 'पोद्रीआ सेन्तारमे' (मला बसता येईल) किंवा 'मे पोद्रीआ सेन्तार', दोन्ही बरोबर.


पांढरी जास्वंद

काल रात्री बसून हे लिहिलं. सगळ्यांनी कृपया तपासा.

'सी मान्याना नो तुबिएरा क्लासे, मे लेबान्तारीआ तार्दे. मे दुचारीआ कोन आग्वा फ्रीआ. मि एर्माना इ यो नोस तापारीआमोस ला कारा इ नोस इरीआमोस आ अंबाझरी. आयी पोद्रीआमोस सेन्तारसे देबाहो दे उन आर्बोल. मे गुस्तारीआ केदारमे आस्ता ला नोचे, पेरो मि मामा से एनोहारीआ.'

उद्या वर्ग नसता तर मी उशिरा उठले असते, गार पाण्याने आंघोळ केली असती, मी आणि बहीण तोंडाला दुपट्टा बांधून अंबाझरीला गेलो असतो, तिथे झाडाखाली बसता आलं असतं, रात्रीपर्यंत थांबायला मला आवडेल, पण आई रागावेल.


ऑरेंज लाईन

ताई, मस्त जमलं. 'नो तुबिएरा' पण बरोबर आलं.


वाळा

'नोस तापारीआमोस ला कारा', दोघी असूनही 'कारा' एकवचनी ठेवलंस, शाब्बास. प्रत्येकीला एकच चेहरा म्हणून एकवचनच.


इतवारीकर

'आई रागावेल'साठी 'से एनोहारीआ' अगदी योग्य. आपण शेवटी 'आवडेल', 'रागावेल' म्हणतो आणि ते सगळीकडे 'रीआ' ठेवतात, ते तुझ्या कानाला आपोआप कळलं.

एकच जागा. 'पोद्रीआमोस सेन्तारसे' नाही. शब्दकोशात 'सेन्तारसे' लिहिलेलं असतं म्हणून तो 'से' तसाच राहतो, पण तो तिथेही कर्त्याप्रमाणे बदलतो. बसणाऱ्या तुम्ही दोघी आहात: 'पोद्रीआमोस सेन्तारनोस'. पुढच्याच ओळीत तू 'केदारमे' बरोबर लिहिलं आहेस, तसंच हे.